वाड्यावर चालण्याचा गट कसा उभा करावा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मधुमेहाच्या यादीत गोवा पहिला आला. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, गोव्याचे २६.४ टक्के. म्हणजे लग्नाच्या पंगतीत दर चौथ्या पानावर शुगरवाला बसलेला. गोव्यात याचा फारसा धक्का कोणाला बसला नसावा; फ्रीजवर गोळ्यांचा डबा नाही असे घर शोधावेच लागते.

चालायला हवे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर सांगतात, बंगळुरूला असलेली मुलगी फोनवर सांगते, आणि चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की मंडळी नवे बूट घालून निघतातही. जत्रांचे दिवस येईपर्यंत बूट खाटेखाली गेलेले असतात. एकट्याने सुरू केलेले चालणे एकट्याच्या आळसानेच बंद पडते. तिठ्यावर चार माणसे आपली वाट पाहत उभी असतील, तर मात्र पांघरूण बाजूला सारावे लागते.

गटाचा उपयोग होतो का, याचा अभ्यासही झालेला आहे. चालण्याच्या गटांवरच्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४ देशांतली १,८४३ माणसे होती. गटात चालणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३.७ आणि खालचा ३.१ अंकांनी उतरला, स्वस्थ बसलेले असतानाचे ठोके कमी झाले, मनाची उदासी घटली, आणि चालण्यामुळे काही मोठे नुकसान झाल्याचे दिसले नाही. गोळी सोडून देण्याइतका हा फरक नाही, आणि कोणी परस्पर सोडूही नये. पण हे चारचौघांसोबत गप्पा मारत मिळालेले आहे.

पुढे जे लिहिले आहे ते आपल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, गट सुरू करणाऱ्यासाठी, आणि त्यामागे माझे एकच म्हणणे आहे. गट बांधायचा तो सर्वांत सावकाश चालणाऱ्याला धरून. झपझप चालणारे कुठेही चालतात, त्यांना गटाची गरज नसते. गुडघे धरलेल्या मावशी आणि बायपास झालेले काका तिसऱ्या महिन्यातही येत असतील, तर तुमचा गट चालला असे समजावे.

आधी दहा घरे

उद्घाटनाने सुरुवात करू नका. आमदार, बॅनर, फुगे, समोसे, आणि दुसऱ्या दिवशी तीनच माणसे, हा प्रकार आपण भरपूर पाहिला आहे. त्याऐवजी संध्याकाळी वाड्यावरच्या दहा घरी जा, चहा घ्या आणि दोनच प्रश्न विचारा. तुम्हाला कितीला जमेल? आणि आजवर चालणे का जमले नाही?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे नीट ऐकावीत. 'वेळ नाही' हे पहिले उत्तर असते, खरे उत्तर थोड्या वेळाने येते. कोणाला कुत्र्यांची भीती असते. कोणाला वाटेत लघवीला लागते आणि ते बोलायची लाज वाटते. कोणाला 'आता या वयात ट्रॅकपँट घालून लोकांसमोरून जायचे' हे पटत नाही. एखाद्या वहिनींना सासूला सोडून घराबाहेर पडता येत नाही. मग सासूलाच गटात घ्यावे, दोघींचे काम होते. ही उत्तरे एका वहीत लिहून ठेवा. वाट, वेळ आणि वेग यांचा पुढचा सगळा निर्णय त्या वहीवरून करायचा आहे.

सुरुवातीला सहा-आठ माणसे भरपूर झाली. त्यातली दोन माणसे जबाबदार हवीत, एक नव्हे. एकच म्होरक्या असला की त्याला ताप आला त्या आठवड्यात गट बसतो. त्या दोघांत एक बाई असेल तर इतर बायका लवकर येतात.

कपड्यांचा नियम करू नका. साडी, पंजाबी ड्रेस, हाफ पँट, काहीही चालेल; लुंगी तेवढी सोडून. लुंगीलाही माझी हरकत नाही, पण ती रस्त्यावर अडखळायला लावते.

वाट

वाट ठरवताना नकाशा पाहू नका, ज्या वेळी गट चालणार त्याच वेळी जाऊन चालून पाहा. दुपारी निवांत दिसणारा रस्ता सकाळी साडेसातला शाळेच्या बसगाड्या आणि पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलींनी भरलेला असतो. सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत खनिजाचे ट्रक जाणारा रस्ता सरळ वगळावा; धूळ आणि ट्रक, दोन्ही नकोत.

आदर्श वाट म्हणजे एक ते दीड किलोमीटरचा फेरा, जो सुरुवातीच्या जागीच परत येतो. दमलेला माणूस एका फेऱ्यानंतर थांबू शकतो, बाकीचे दुसरा फेरा मारतात, आणि कोणीच घरापासून लांब अडकत नाही. फेऱ्यावर निदान दोन ठिकाणी बसायला जागा असावी, एखाद्या घरी किंवा देवळात शौचालय वापरता यावे, आणि एखादा कट्टा सावलीत असावा. चढ असेल तर तो जाताना असावा, येताना उतार. उलट झाले तर दमलेल्या पायांवर चढ येतो.

पणजीकरांचे बरे आहे, कांपालपासून मिरामारकडे मांडवीच्या काठाने चालता येते. गावांत बहुतेक रस्त्यांना पदपथच नाहीत. अशा रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे, एकामागून एक चालायचे. गप्पांच्या ओघात तिघेतिघे आडवे पसरतात आणि वळणावर पर्यटकांची भाड्याची स्कूटर अंगावर येते. अंधार असेल तर पुढच्या आणि मागच्या माणसाने चमकणारे पट्टे किंवा पांढरा सदरा घालावा आणि टॉर्च ठेवावा.

मोठ्या रस्त्यापेक्षा मला तीन जागा जास्त आवडतात. पहिली, देवळाचा प्राकार. दुसरी, शाळेचे मैदान. देवस्थान समितीची किंवा मुख्याध्यापकांची परवानगी एका कागदावर घेतली की काम होते. तिसरी, खाडीकाठच्या खाजन शेतांचे बांध. चोडण-दिवाडीसारख्या ठिकाणी तर यापेक्षा सुंदर वाट मिळणार नाही. मात्र बांध अरुंद असतात, मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ) निसरडे असते, आणि कुंभारजुवे कालव्याच्या काठी मगरी आहेत. तिथे उजाडल्यावरच जावे.

समुद्रकिनारा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिला येतो, म्हणून थोडे सविस्तर. कोरड्या भुसभुशीत वाळूत त्याच वेगाने चालायला पक्क्या जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते. तरुण माणसाला हा छान व्यायाम आहे, पण हृदयाचा त्रास असलेल्याला अनपेक्षित दमवणारा. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू चालायला बरी असते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने लांब चालले की एका बाजूच्या गुडघ्यावर आणि कमरेवर ताण येतो. जितके जाल तितकेच परत या. आणि शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये, कितीही मोह झाला तरी. पाय बधिर झालेले असले तर फुटकी बाटली, शिंपला, माशाचा काटा लागलेला त्यांना कळतही नाही.

भटक्या कुत्र्यांचे काय? गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना रेबीजविरोधी लस टोचण्याची मोठी मोहीम चालू आहे, त्याचा फायदा झाला आहे. तरी चावा तो चावाच. गटाने धावू नये, ओरडू नये, काठी असली तरी उगारू नये; सगळ्यांनी जवळजवळ येऊन सावकाश पुढे सरकावे. चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यायची. 'ओळखीचा कुत्रा आहे' हे कारण ऐकू नये.

वेळ

पणजीत जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास. म्हणून घड्याळाची एकच वेळ बारा महिने चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावणेसात, मार्चपासून सहा, असे वर्षातून दोनदाच बदला आणि बदल आठवडाभर आधी सांगा. एप्रिल-मेमध्ये सातपर्यंत घरी पोहोचावे. आपल्या हवेत तापमानापेक्षा दमटपणा जास्त छळतो. घाम सुकत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही.

पण सकाळ ही पुरुषांची आणि निवृत्तांची वेळ आहे. डबे, नळाचे पाणी, मुलांची शाळा, देवपूजा यातून सहा वाजता कोण बाहेर पडणार? बायकांना यायचेच नाही असे ठरवून टाकण्याआधी दुसरी वेळ देऊन पाहा. मुलांना शाळेत सोडल्यानंतरचा अर्धा तास फार सोयीचा असतो. आया तिथे आधीच जमलेल्या असतात, फाटकावरूनच निघायचे. संध्याकाळी साडेपाचची वेळ हॉटेलात किंवा कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांनाही जमते.

आठवड्याचे पाच दिवस ठेवा, रविवार मोकळा. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब रविवारी मिसाला जाते, आपली मंडळी मासळी बाजारात. मिश्र वाड्यावरचा गट मिश्रच असावा, आणि आठवड्याचा आराखडा करताना एकादशी, रमजान, ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास हे सगळे ध्यानात घ्यावे.

आरोग्याची चौकशी

प्रत्येकाकडून डॉक्टरी दाखला मागितला तर निम्मे लोक येणारच नाहीत, आणि सावकाश चालण्यासाठी बहुतेकांना तो लागतही नाही. पण काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. चढ चढताना छातीत दुखते किंवा दाबल्यासारखे होते का? गेल्या काही महिन्यांत चक्कर येऊन पडलात का? हृदयाचा झटका, अँजिओप्लास्टी, पक्षाघात झाला आहे का? बसल्या जागी धाप लागते का? पायावर न भरणारी जखम आहे का? यातल्या एकाचेही उत्तर 'हो' आले तर आधी डॉक्टरांना विचारून या, असे प्रेमाने पण ठाम सांगायचे. बीपी १८०/११० किंवा त्याहून वर असेल त्याने त्या दिवशी चालू नये आणि डॉक्टरांना गाठावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटून एका सकाळी बीपी, शुगर तपासायला कोणी येऊ शकेल का ते विचारा. नाही जमले तर घरचे यंत्र चालते, फक्त पद्धत नीट हवी. पाच मिनिटे पाठ टेकून बसणे, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, त्याआधी अर्धा तास चहा नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणे. जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या आकड्यावरून घाबरणारे पुष्कळ असतात.

नाव, घरच्या माणसाचा फोन, आजार, चालू गोळ्या हे एका वहीत लिहावे आणि ती वही दोघा जबाबदार माणसांकडेच राहावी. कोणाची शुगर किती आली हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. वाड्यावर गुपित राहत नाही हे खरे, पण निदान ते आपल्याकडून फुटू नये.

पहिले बारा आठवडे

दहा हजार पावलांचे भूत आधी उतरवा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. कोणत्या वैद्याने तो काढलेला नाही. त्याहून बऱ्याच कमी पावलांतही फायदा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मिनिटांत आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पाच दिवस, रोज अर्धा तास, झाले १५०.

मध्यम श्रम म्हणजे किती? मिनिटाला साधारण १०० पावले. मोजायचा कंटाळा असेल तर बोलून पाहा: बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग बरोबर. अभंगाची ओळ निवांत म्हणता येत असेल तर थोडे उचला, बोलतानाच वाक्य तुटत असेल तर कमी करा. नाडी मोजण्यापेक्षा ही खूण बरी, कारण बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत आणि मग नाडीचा आकडा फसवतो.

पहिले दोन आठवडे १० ते १५ मिनिटे पुरे. जोशात असलेले लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २० मिनिटे, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत आठव्याला ३० पर्यंत. वेग वाढवायचा तो त्यानंतर, तोही मधेच दोन-दोन मिनिटांपुरता: या खांबापासून त्या खांबापर्यंत झपझप, मग पुन्हा सावकाश. आधी मिनिटे, मग वेग, हा क्रम मोडला की पोटऱ्या आणि टाचा धरतात, आणि टाच धरलेला माणूस दोन महिने दिसत नाही. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे नेहमीच रेंगाळत चालावे.

बुटांवर फार खर्च नको. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून बूट विकत घ्यावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. घरातल्या सपातांवर अर्धा तास चालू नये, बस.

मागचा माणूस

इंग्लंडमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले आणि त्यातून पार्करन नावाची चळवळ उभी राहिली. शनिवार सकाळ, तीच जागा, तेच पाच किलोमीटर, फी शून्य. धावा नाहीतर चाला. त्यांची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांत शेवटी चालतो, म्हणजे आलेल्यांपैकी शेवटचा कोणीच ठरत नाही.

आपल्या गटातही हे काम रोज एकाने अंगावर घ्यावे, पाळीपाळीने. त्याचा खिसा भरलेला असावा: शिट्टी, साखरेची पुडी, फोन, थोडे पाणी. तो सर्वांत सावकाश माणसाच्या एक पाऊल मागे चालतो आणि 'चला, चला' म्हणत नाही. पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी वळून पाहतो; शेवटचा दिसेनासा झाला तर थांबतो. इथे एक बारकी गोष्ट आहे. मागचे येऊन पोहोचले रे पोहोचले की पुढचे लगेच निघतात, म्हणजे ज्यांना विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच तो मिळत नाही. मागचे आल्यावर आणखी एक मिनिट सगळ्यांनी थांबायचे, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

वेगात फार फरक असेल तर याहून सोपी युक्ती आहे. फेऱ्याऐवजी सरळ रस्ता घ्या. सगळे एकत्र निघतात, ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचे. १२ मिनिटे झाली की मागच्याने शिट्टी वाजवायची, आणि जो जिथे असेल त्याने तिथूनच मागे फिरायचे. लांबवर गेलेल्यांसाठी फोनचा गजर लावून ठेवावा. आता सावकाश चालणारे पुढे असतात आणि वेगवान मागे. आणि ज्याने आपला वेग राखला तो निघाल्या जागी जवळजवळ एकाच वेळी येऊन पोहोचतो. मावशी तीनशे मीटर चालल्या आणि पुतण्या दीड किलोमीटर, तरी दोघांचे चालणे २४ मिनिटांचेच झाले. कोणी कोणासाठी खोळंबले नाही, कोणी मागे पडले नाही. मोठ्या गटाला मी डोळे मिटून हीच पद्धत सांगेन.

एखादा सलग तीन दिवस आला नाही तर ग्रुपवर 'कुठे आहात?' असे विचारू नका, घरी जाऊन या. बहुतेक वेळा कारण गुडघा असते किंवा घरात कोणी आजारी असते. आणि परत आलेल्याला 'अरे वा, आज सूर्य कुठे उगवला' हा टोमणा मारणाऱ्याला मागच्या माणसाची पाळी आठवडाभर द्यावी.

सोप्यावरचे व्यायाम

नुसते चालून भागत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असे काही, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस, असाही जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हाताऱ्या माणसाला पडण्याची भीती शुगरइतकीच खरी असते. मांडीचे हाड मोडले की घराचे सगळे वेळापत्रक बदलते.

यासाठी जिम नको, बाल्कांवचा सोपो, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरचा बसायचा कट्टा पुरे. हात छातीवर घेऊन सोप्यावरून उठायचे आणि सावकाश बसायचे, दहा वेळा. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, दहा वेळा. भिंतीपासून हातभर मागे उभे राहून भिंतीला ढकलायचे, दंड मारल्यासारखे. मग खांबाला बोट टेकवून एका पायावर दहा सेकंद, पाय बदलून पुन्हा. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. चालणे संपल्यावर लगेच करावे, नाहीतर मंडळी चहाला पांगतात.

चहाबद्दल दोन शब्द. चालून झाल्यावर गाड्यावर भाजी-पाव, वर एक मिरची आणि गोड चहा, ही आपली प्रथा आहे आणि अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढे जळते त्याहून जास्त तिथे पोटात जाते. प्रथा मोडू नका, तीच अनेकांना घराबाहेर काढते. आठवड्यातून एक दिवस ठरवा. बाकी दिवशी बिनसाखरेचा चहा आणि गप्पा.

शुगर आणि बीपी

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. निघण्यापूर्वी शुगर ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्यावे. शुगर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, डोके हलके होते. पण आपल्या हवेत घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून बोलण्यातला गोंधळ आणि विनाकारण चिडचिड या खुणांवर लक्ष ठेवा. नेहमी हसतमुख असणारा माणूस एकदम खेकसला तर त्याला बसवा. साखरेचे तीन-चार चमचे किंवा तेवढा गोड रस द्यायचा, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्यायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ १०८ ला फोन. चालायच्या आधी मांडीत घेतलेले इन्सुलिन लवकर भिनते. जागा कोणती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

जेवणानंतरचे चालणे हे शुगरवाल्यांचे खास औषध. जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालले तर शुगर एकदम वर चढत नाही. उकड्या तांदळाचा भात आणि हुमण (माशांची आमटी) झाल्यावर लगेच आडवे होण्याऐवजी एवढे करावे. याला गट लागत नाही, नवरा-बायको अंगणात फेऱ्या मारू शकतात. गटातल्या लोकांनी एकमेकांना त्याची आठवण करून द्यायची.

रोज रात्री तळपाय पाहावेत, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. लघवी जास्त होणारी बीपीची गोळी घेणाऱ्यांनी मे महिन्यात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि चालताना छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणे, थंड घाम असे काही झाले तर 'गॅस असेल' म्हणत घरी चालत जायचे नाही. तिथेच बसवायचे आणि १०८.

पावसाळा

गोव्यातल्या गटाची परीक्षा जूनमध्ये होते. चार महिने जोरदार पाऊस, जांभ्या दगडावर शेवाळ, रस्त्याच्या कडेला गटार कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नाही. 'पाऊस थांबला की सुरू करू' म्हणणारा गट ऑक्टोबरमध्ये पुन्हा शून्यावरून सुरू होतो, आणि बहुधा होतच नाही.

म्हणून मे महिन्यातच छप्पर शोधा. देवळाची अग्रशाळा, सभामंडप, शाळेचा व्हरांडा, पंचायतीचे सभागृह. २० मीटर लांबीचा व्हरांडा असला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ५० वेळा चालले की एक किलोमीटर होतो. कंटाळवाणे आहे, मान्य. मग कोणी भजन म्हणावे, कोणी पेपरातली बातमी वाचून दाखवावी, व्यायामाची दहा मिनिटे वीस करावीत. दर पाच मिनिटांनी वळायची दिशा बदलावी, नाहीतर वळताना त्याच गुडघ्यावर भार येतो. ओल्या पायांनी फरशीवर येऊ नये. दाराशी पोते आणि कोरडे बूट.

उघडीप असेल तेव्हा बाहेर पडायला हरकत नाही, पण साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. पायाला चीर असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. वीज कडाडत असेल तर बांध आणि मैदान दोन्ही बंद.

चवथीला गट आठ-दहा दिवस बसणारच, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. सुट्टी आधीच जाहीर करा आणि परतीची तारीखही त्याच वेळी सांगा. पहिल्या दिवशी निम्मीच मिनिटे चाला. नेवऱ्या आणि मोदक अंगात असतात.

पैसे, टी-शर्ट आणि पंचायत

वर्गणी नको. पैसा आला की हिशेब येतो, हिशेब आला की कुजबुज येते. शिट्टी, वही आणि टॉर्च एवढाच खर्च आहे. टी-शर्ट हवेतच असतील तर वर्ष पूर्ण झाल्यावर करा, आणि पाठीवर कोणाचा फोटो नको. निवडणुकीच्या वर्षात टी-शर्ट फुकट देणारे बरेच भेटतात. गट ज्या दिवशी एका पक्षाचा दिसला त्या दिवशी निम्मा वाडा बाहेर जातो.

पंचायतीकडे मात्र जावे, पैशांसाठी नव्हे. बंद पडलेला दिवा, वाटेतले झाकण नसलेले गटार, एक बाक, गतिरोधक यासाठी लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि ग्रामसभेत चार-पाच जणांनी बसून तो विषय काढावा. एकाच माणसाने दहा तक्रारी करण्यापेक्षा दहा माणसांनी एक मागणी करणे पंचांना जास्त ऐकू येते.

वही

हजेरीबरोबर दर तीन महिन्यांनी चार गोष्टी लिहा: बीपी, पोटाचा घेर, सहा मिनिटांत किती मीटर चाललो, आणि ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठलो. वजन मुद्दाम वगळले आहे. ते सर्वांत उशिरा हलते आणि लोक तेवढेच पाहून निराश होतात. घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० च्या आत असावा, ही भारतीयांसाठीची मर्यादा. उठबशीत ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी जमत असतील, तर अमेरिकेतल्या मोजणीप्रमाणे ते कमी धरतात. अशांनी सोप्यावरच्या व्यायामावर भर द्यावा. शुगरवाल्यांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. तुलना आपली आपल्याशीच. भिंतीवर यादी लावून पहिला-दुसरा काढला की मागचे दोघे पुढच्या महिन्यात येत नाहीत.

माणसे २५ च्या पुढे गेली की गट फोडा. मोठा गट दिसायला छान, पण शेवटच्या माणसाला ओळखणारा कोणी उरत नाही. शेजारच्या वाड्यावरून येणाऱ्यांना त्यांच्याच वाड्यावर सुरू करायला सांगा, पहिले दोन आठवडे आपल्यातला एक अनुभवी माणूस त्यांच्या मागे चालायला पाठवा, आणि दहा घरांतल्या उत्तरांची वही त्यांनी स्वतःच नव्याने लिहावी. त्यांची घरे वेगळी, कुत्रे वेगळे, आणि न येण्याची कारणेही वेगळी असणार.